चारच्या भोंग्याचे उंदीर

गळीत हंगाम सुरू झाला की मला एका जागी बसवत नाही. वयाचं लक्षण म्हणावं तर पंचविशीतही असंच होत होतं, तेव्हा वयावर ढकलायची सोय नाही. परवा सांगलीहून कराडला निघाले आणि पेठ नाक्याच्या अलीकडं एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. एकामागं एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वर मापाबाहेर भरलेला ऊस, पुढं ट्रॅक्टरवर कर्णा लावून गाणं चालू, आणि मागं आमची पंचवीस-तीस गाड्यांची मुकाट रांग. शेजारची बाई शेंगा फोडून निवांत खात होती. मी उठले, बसले, पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली, पुन्हा उठले. "आवं, पोटात दुखतंय का तुमच्या?" तिनं काळजीनं विचारलं. नाही म्हटलं. खिडकीतून मळीचा वास आत आला होता, एवढंच झालं होतं.

हा वास आंबूस असतो, गोडसर असतो आणि शेवटाला जरा जळका असतो. लहानपणापासून नाकात बसलेला असला की तो आवडतो की नाही हा प्रश्नच पडत नाही. माझ्यासाठी मात्र त्यात आणखी एक वास मिसळलेला आहे: पिंजऱ्यांत अंथरलेल्या भाताच्या तुसाचा आणि उंदरांच्या मुताचा. हे शेंगा खाणाऱ्या बाईला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं मला दोन शेंगा दिल्या, त्या मी हातात धरून बसले.

सत्त्याण्णवचा हंगाम. मी सांगलीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होते. आठवडाभर हॉस्टेल, शनिवारी संध्याकाळी कराडची गाडी, तिथून घरी. घर कारखान्याच्या रस्त्यावरच, कारण आमचे आप्पा कारखान्यात बॉयलरवर होते. आणि कॉलेजच्या पलीकडच्या अंगालाही एक दुसरा कारखाना होता, म्हणजे इकडं असो की तिकडं, भोंगा काही सुटत नव्हता. सकाळी आठ, दुपारी चार, रात्री बारा. "घड्याळ चुकंल, भोंगा चुकायचा न्हाई," असं आप्पा म्हणायचे, आणि भोंगा आपणच तोंडानं वाजवत असल्यासारखी छाती काढायचे.

माझा विषय होता डोपामिन. आता पोरं मोबाइलवर बोलताना हा शब्द चिवड्यासारखा तोंडात टाकतात. तेव्हा घरी सांगायची पंचाईत होती. मेंदूतलं एक रसायन आहे, त्याच्यामुळं आपल्याला हलावंसं वाटतं, काही हवंसं वाटतं, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझ्यात लय दिसतंय त्ये." तिचं निदान बरोबर होतं. मी हॉस्टेलच्या खोलीत अभ्याससुद्धा येरझाऱ्या घालत करायची आणि खालच्या मजल्यावरच्या मुली छताला काठी ठोकायच्या.

कॉलेजच्या मागं पत्र्याच्या छपराचं अॅनिमल हाऊस होतं. तिथले सर्वेसर्वा बाबूभाई. मिरजेचे. घरात तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम, यांच्या वाट्याला मात्र भोपळ्यांऐवजी पांढरे उंदीर आले होते. पण हात घराण्यातलेच. उंदीर असा उचलायचे की त्याला उचलल्याचं कळू नये. मी पहिल्या दिवशी शेपटी धरून ओढली आणि उंदरानं माझं बोट फोडलं. बाबूभाई हळद घेऊन आले. "भोपळ्याला कान लावला की आतलं कळतंय, ताई," ते म्हणाले. "ह्ये मुकं जनावर हाय. ह्येला हातानंच इचारायचं."

आणि आम्ही हातानंच विचारत होतो. उंदराच्या पोटात हॅलोपेरिडॉल नावाच्या औषधाची सुई द्यायची. अर्ध्या तासानं त्याचे पुढचे दोन पाय उचलून एका आडव्या दांडीवर ठेवायचे. औषध न दिलेला उंदीर लगेच पाय काढून घेतो आणि चालू लागतो. औषध दिलेला तसाच राहतो. दांडीवर हात ठेवून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. तो किती सेकंद तसा राहतो हे घड्याळावर मोजायचं आणि वहीत लिहायचं. दुसरी चाचणी पेटीची. एका सुताराकडून करून घेतलेली मोठी लाकडी पेटी, तळाला रंगानं आखलेले चौकोन. उंदीर आत सोडायचा आणि पाच मिनिटांत तो किती चौकोन ओलांडतो ते मोजायचं. माझ्या आयुष्यातला तो सगळा हिवाळा मोजण्यात गेला.

आमचे सर पुण्याला गेले की लायब्ररीतून झेरॉक्स आणायचे. त्या नोव्हेंबरात त्यांनी आणलेला गठ्ठा मी वाचला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. परदेशात असे उंदीर तयार झाले होते की ज्यांच्या मेंदूत डोपामिनचं एक कुलूपच नव्हतं. डोपामिन ही किल्ली धरली तर पेशींवर तिची पाच तऱ्हेची कुलपं असतात. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींतच त्यातल्या एका कुलपाचा जनुक मोडून टाकायचा, मग त्या वंशातली जी पिल्लं आई आणि बाप दोघांकडूनही मोडका जनुक घेऊन जन्मतील ती वाढवायची. नॉकआउट उंदीर. शब्द मुष्टियुद्धातला आणि काम जवाहिऱ्याचं. पहिलं कुलूप नसलेले उंदीर उगाच भटकत राहायचे. तिसरं नसलेले नव्या जागेत जरा जास्तच हिंडायचे. आणि दुसरं नसलेले? ते सावकाश असत. हलायला अवघड जात असल्यासारखे. जे आम्ही सुई देऊन करत होतो ते यांना जन्मतःच झालेलं, कारण आमचं औषधही नेमकं त्याच दुसऱ्या कुलपात जाऊन बसायचं.

सरांना वाटलं मी विषयाच्या प्रेमात आहे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की हे औषध मी सुईच्या आधी घरी पाहिलं होतं. आमच्या घरात बुद्धमूर्तीच्या शेजारच्या फळीवर त्याच्याच गोळ्यांची पट्टी असायची. ती दादाची होती.

दादा म्हणजे माझा भाऊ मिलिंद, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आयटीआय करून कराडला एका वर्कशॉपला लागला होता. बावीस-तेविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. हे आम्हांला उशिरा कळलं, कारण मुळात तो इतका बडबड्या आणि वळवळ्या की तो स्वतःशी बोलतोय की आमच्याशी, कुणी लक्ष दिलं नाही. मग चौऱ्याण्णवच्या हंगामात एका दुपारी चारचा भोंगा झाला आणि दादा रस्त्यावर गेला. वजनकाट्यापर्यंत बैलगाड्यांची रांग उभी होती, बैलं पहाटेपासून जुंपलेली. दादानं एकेका गाडीच्या जुवाच्या खिळी उपसायला सुरुवात केली. "शिफ्ट सुटली! मानसांची सुटली, ह्यांची कवा सुटायची?" पाच गाड्यांची बैलं त्यानं सोडली. एक गाडी उसासकट कलली, गाडीवानाचा पाय थोडक्यात वाचला. मग गाडीवानांनी दादाला मारलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. आई धावली आणि त्याला उचलून घरी घेऊन आली, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. आई त्यावर कधी बोलत नसे.

दादाच्या त्या प्रश्नात चूक काय होती, हे मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मिरजेचे डॉक्टर, गोळ्या, आणि दादा शांत झाला. "कसा शांत झालाय माझा लेक," आई आल्यागेल्याला सांगायची. ओट्यावर बसलेला असायचा. चेहरा तुकतुकीत, त्याच्यावर काही उमटायचं नाही. आमटीचा चमचा ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबायचा आणि मग काहीतरी आठवल्यासारखा वर जायचा. मी समोर बसून जेवायची आणि माझा गुडघा सारखा हलत राहायचा. दोघांच्या वाटणीचं मी एकटीच हलत होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्याला नॉकआउट उंदरांबद्दल सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं? तो ऐकत होता असं वाटत नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हंजी कुलूपच न्हाई?"

"नाही."

"मग गोळी कुठं जाऊन बसती?"

"बसतच नाही. तिला जागाच नसते."

तो विचार करत राहिला. "आन तरी त्ये गप बसतंय?"

"हो. फारसं हलत नाही."

"लय भारी," दादा म्हणाला. "गोळी न खाता गोळीचं वाईट तेवढं." आणि हसला. म्हणजे हसण्याचं जे काही त्याच्याकडं शिल्लक होतं तेवढं ओठांच्या एका कडेला आलं. आई आतून म्हणाली, "तुमी मारता व्हय गं ती उंदरं शेवटाला?" मी उठून पाणी प्यायला गेले. आईच्या तोंडी रोज संध्याकाळी पंचशील असायचं आणि त्यातलं जीव न घेण्याचं पहिलंच शील माझ्या आड येत होतं. तीही पुन्हा विचारायची नाही.

पुढच्या रविवारी मी ते केलं. लिहिताना हात थांबतो, पण केलं ते केलं. दादा फाटकाशी उभा होता. दुपारची वेळ, रस्त्यावर गाड्यांची रांग. मी बोलता बोलता त्याचा उजवा हात उचलला आणि फाटकाच्या वरच्या आडव्या दांडीवर ठेवला. खांद्याच्या उंचीला, कोपर हवेत, कुणी आपणहून ठेवणार नाही असा अवघडलेला. आणि सोडून दिला. मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघायला लागले. दहा. वीस. दादा रस्त्याकडं बघत होता. पन्नास. एक गाडी गेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज. नव्वद. एकशे दहाला मीच त्याचा हात धरला आणि खाली घेतला.

"झालं का तुझं?" दादानं विचारलं.

"काय?" मी म्हटलं. त्यानं पुन्हा रस्त्याकडं तोंड वळवलं. मी घरात गेले, मोरीत तोंड धुतलं, आणि प्रयोगाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: ११०. शेजारी काहीही लिहिलं नाही. त्या आकड्याची जेवढी लाज वाटली तेवढी एम.फार्म.मध्ये कशाचीच वाटली नाही, आणि मी तो खोडलाही नाही.

त्या रात्री आईशी भांडले. औषध जास्त होतंय, हे असं बसणं म्हणजे बरं होणं नव्हे, त्याला वाट्टेल तसा ठेवला तरी तो तसाच राहतो. आई भाकरी थापायची थांबली नाही. "डाक्टर शिकलेला न्हाई व्हय? राती एक गोळी म्हणालाय. एकच घेतोय त्यो राती." मग हात झटकून म्हणाली, "तुला शांतपणा बघवत न्हाई. सोताला न्हाई, तर दुसऱ्याचाबी न्हाई." हे लागलं, कारण खरं होतं. मी पहाटेच्या पहिल्या गाडीनं सांगलीला गेले.

तिकडं माझे उंदीर बिघडले होते. पावसाळ्यात घेतलेली मोजमापं स्वच्छ, ओळीत बसणारी. हंगाम सुरू झाल्यापासून सगळा गोंधळ. तेच औषध, तोच डोस. साडेतीनला पेटीत सोडलेला उंदीर कोपऱ्यात मुकाट बसायचा, आणि चारच्या सुमाराला सोडलेला चौकोनामागून चौकोन ओलांडत सुटायचा. ज्यांना औषध दिलेलंच नाही त्यांचं तर विचारू नका, पेटीच्या भिंतीवर पाय देऊन उभे. सरांना वाटलं मी सुई नीट देत नाही. मला वाटलं औषध खराब आहे. मी नवी बाटली मागवली, डोस बदलला, रात्री जागून बेरजा पुन्हा केल्या. पंधरा दिवस मी चिडचिड्या माणसाचं सगळं केलं. फक्त बाबूभाईंना विचारलं नाही.

शेवटी तेच म्हणाले. मी पेटीशेजारी डोकं धरून बसले होते आणि चारचा भोंगा वाजत होता. "ताई, ह्या टायमाला नका घेऊ त्यास्नी. खायाचा टाइम हाय त्यांचा."

"कधीपासून?"

"हंगाम लागल्यापासनं. भोंगा झाला की मी घालतो खायला. घड्याळ कुठाय इथं?" रात्रभर खाद्य पिंजऱ्यात राहिलं की घुशी येतात, म्हणून ते मोजकंच घालायचे, दिवसातून एकदा, आणि भोंग्यासारखी दुसरी पक्की वेळ नव्हती. पावसाळ्यात कारखाना बंद, मग बाबूभाई आपल्याला सवड होईल तेव्हा घालत. "आता ती भोंगा व्हायच्या आदीच उटून बसत्यात," ते कौतुकानं म्हणाले. "लय हुशार जनावर."

मी हसले आणि मग रडले, त्याच क्रमानं. दोन महिने मी डोपामिन मोजत नव्हते, भूक मोजत होते. तसं म्हटलं तर तेही डोपामिनच, येणाऱ्या घासाची चाहूल लागली की तेच उसळतं. पण माझ्या प्रबंधात भोंग्याला रकाना नव्हता. सर बराच वेळ वही चाळत राहिले. मग म्हणाले, "पानं फाडू नका. असे आकडे पुन्हा कुणाला मिळायचे नाहीत." चाचणीची वेळ सकाळी दहाची ठरली. खायला कधी घालायचं तेही ठरलं, भिंतीवर एक घड्याळ आलं. उंदरांसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून वेळापत्रक बदललं.

त्या शनिवारी घरी जाताना गाडीत मला एकदम सुचलं की आपण दादाला भोंग्याच्या वेळी कधी नीट पाहिलेलंच नाही. चारचा भोंगा झाला तरी तो ओट्यावर तसाच बसलेला असायचा, त्यात बघण्यासारखं काही नसायचं. रात्रीच्या बाराला सगळे झोपलेले. आणि सकाळच्या आठला मी झोपलेली. रविवारी नऊशिवाय उठायचं नाही हा माझा हॉस्टेलचा हक्क होता. या रविवारी मी साडेसातला उठून ओट्याच्या कोपऱ्यात बसले. थंडी होती. दादा शाल घेऊन खांबाला टेकलेला. आई आत चुलीशी.

आठचा भोंगा झाला आणि दादानं तोंड उघडलं.

आई अजून आतच होती. बाहेर कुणी नव्हतं, समोर काही नव्हतं. तो तोंड उघडून बसून राहिला. मग आई पदराला हात पुसत आली, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हाताची मूठ. मूठ उघडून तिनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि वळल्यावर मी तिला दिसले.

"ही कसली?" मी विचारलं.

"सकाळची."

"डॉक्टरांनी रात्री एक सांगितलीये."

"हंगाम हाय," आई म्हणाली. "हंगामात त्याला दोन लागत्यात. पट्टा पडला की पुन्हा एक." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप संपणं. आमच्याकडं सगळंच त्याच्यावर चालायचं, पण गोळ्याही चालत असतील असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि जादा गोळ्या कुठून येतात?"

आईनं आत जाऊन हळदीचा जुना डबा आणला. त्यात अर्ध्या अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या. पावसाळ्यात कारखाना बंद, रस्ता मोकळा, दादाला धोका नाही. तेव्हा ती त्याला रोज अर्धीच द्यायची आणि उरलेली अर्धी हंगामासाठी साठवून ठेवायची, जशी बेगमी करतात तशी. तीन वर्षं. एकाही गोळीची नासाडी नाही.

"डॉक्टरांना हे सांगितलंस?"

"डाक्टरला भोंगा म्हाईत हाय व्हय?"

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिनं जे पाहिलं होतं ते मी दोन महिने वहीत लिहूनही मला दिसलं नव्हतं. भोंगा, गाड्या, कर्णे, मळीचा वास आला की दादा उसळतो, हे तिनं कुठलीही पेटी न आखता ओळखलं होतं. तिचं निरीक्षण बिनचूक होतं आणि उपाय भयंकर होता. "तू सांगलीला असतीस," ती हळू आवाजात म्हणाली. "मोडक्या हाडाचं लेकरू मी उचलून आनलंय. पुन्यांदा न्हाई आननार." दादा आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होता, आणि त्याच्या ओठाच्या कडेला हळदीचा पिवळा ठिपका लागला होता.

मंगळवारी आम्ही तिघं मिरजेला गेलो. आईनं डबा सोबत घेतला, हे तिचं मोठेपण. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी दादाला चालवून पाहिलं, बोटं उघडझाप करायला लावली, मनगट फिरवलं. मी वहीचं शेवटचं पान उघडून पुढं केलं. हात दांडीवर ठेवला, एकशे दहा सेकंद राहिला, काढावा मलाच लागला. डॉक्टरांनी ऐकलं, चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं आणि तो आकडा केसपेपरवर लिहिला. "इतकं नेमकं घरच्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मला थोडा अभिमान वाटला. तोही इथं लिहून टाकते.

ठरलं ते असं: एक गोळी, रात्री, बारा महिने. अर्धी नाही, दोन नाहीत. आईनं एकच प्रश्न विचारला, "आन पुन्यांदा बैलं सोडली तर?" डॉक्टर म्हणाले, "तर मला येऊन सांगा." एवढ्या लांब येऊन मिळालेलं हे उत्तर आईला अगदीच फिकं वाटलं.

पुढचे दोन महिने घरात कुणाला स्वस्थता नव्हती. दादा परत हलायला लागला आणि आम्हांला त्याची सवय राहिली नव्हती. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी त्यानं ताट भिरकावलं. एका रविवारी माझ्याशी इतका वेळ बोलला की मीच दमले. चारचा भोंगा झाला की फाटकाशी जाऊन उभा राहायचा, आणि आई दारात, हातातलं काम टाकून. आप्पांची पहिली पाळी चारला सुटायची. इतकी वर्षं ते मागच्या वाटेनं गप्पा मारत सहाला घरी येत. त्या फेब्रुवारीपासून ते भोंग्याबरोबर निघून रस्त्यानं तडक यायला लागले. चार वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी दादाच्या शेजारी उभे. मग एका दिवशी दादा घरात वळला, बादली भरली आणि रस्त्यावर गेला. आप्पा मागोमाग. रांगेतला एक म्हातारा गाडीवान आधी काठी सावरून उभा राहिला, मग बादली बघून म्हणाला, "पाजा की, आवं. सकाळधरनं न्हाई पाजलं." दादानं एकेका बैलापुढं बादली धरली. खिळीला हात लावला नाही. आई दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली, आणि पट्टा पडेपर्यंत आमची रोज बादली जात राहिली.

माझा प्रबंध वर्षभर लांबला. नॉकआउट उंदीर मी आयुष्यात प्रत्यक्ष पाहिला नाही. पुढच्या वर्षांत त्या क्षेत्रातलीच माणसं लिहू लागली, की एकच वंश, तोच मोडका जनुक, पण एका प्रयोगशाळेतला उंदीर एका तऱ्हेनं वागतो आणि दुसरीतला वेगळंच. ते वाचताना मला प्रत्येक प्रयोगशाळेत एक बाबूभाई आणि खिडकीबाहेर एक भोंगा दिसायचा. आता मी फार्मसी शिकवते, आणि वर्गात मुलांना दादाचा केसपेपरही सांगते, नाव न घेता. घरच्यांनी मोजलं, म्हणून औषध जागेवर आलं. एकशे दहा सेकंद. मुलं लिहून घेतात.

तर परवा ट्रॉल्यांमागून सुटून घरी पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. आप्पा नाहीत आता. आई खाटेवर, ऐकायला कमी येतं. दादाचे केस पांढरे झालेत, गोळी वेगळी आहे, त्याच्या फेऱ्यांनी ओट्याची फरशी झिजलीय. त्यानं स्टोव्हवर चहा ठेवला होता. रस्त्यावर बैलगाड्या मोजक्याच, बाकी सगळे ट्रॅक्टर. भोंगा झाला. आम्ही दोघांनी सवयीनं फाटकाकडं बघितलं.

"वैशे," तो म्हणाला, "त्या दिवशी किती झालं हुतं गं?"

"कुठल्या दिवशी?"

"हात ठिवलावतास न्हवं माझा फाटकावर. घड्याळ बघत हुतीस."

पंचवीस वर्षं होऊन गेली होती त्याला. "एकशे दहा," मी म्हटलं.

"आन उंदीर किती थांबायचं?"

"साधारण तेवढंच. कधी जास्त."

"मग बरं झालं," दादा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. "लय भरून आलावता खांदा. मोडक्या अंगाचा हुता न्हवं. काढनारच हुतो, पर तू मोजत हुतीस. म्हणलं पोरीची परीक्षा हाय, मधीच हात काढला तर नापास व्हायची."

केसपेपरवरचा आकडा, मुलांच्या वह्यांतला आकडा, आणि त्या आकड्याच्या मागं उभा राहिलेला हा, खांदा ठणकत असताना, माझ्या परीक्षेसाठी. खरं होतं की आता त्याला तसं आठवत होतं? मोजायला माझ्याकडं काही नव्हतं. मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून राहिले.

"सोड गं," दादा म्हणाला आणि हात सोडवून घेतला. "च्या उतू चाललाय."